पॅनेलमधला अर्धा मीटर : कारखानदार, प्रकल्पप्रमुख आणि खरेदी अधिकारी यांना खुले पत्र

कारखान्यांचे मालक, प्रकल्पप्रमुख आणि खरेदी विभागातील अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी विद्युत देखभालीच्या कामातला माणूस आहे. बंद पडलेले ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारी उपकरणे), पीएलसीची (यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकाची) गेलेली कार्डे, काळे पडलेले पॉवर सप्लाय उघडून बघणे हे माझे रोजचे काम. तरीही हे पत्र माझ्या व्यवसायबंधूंना न लिहिता आपल्याला लिहितो आहे, कारण या विषयातले बहुतेक निर्णय पॅनेल आमच्या हातात येण्याआधीच होऊन गेलेले असतात. ड्रॉइंग मंजूर होते, दरपत्रकांची तुलना होते, ऑर्डर जाते, पॅनेल बनून येते. त्यानंतर त्यात काही सुधारायचे म्हणजे उत्पादन थांबवायचे, आणि त्याची परवानगी मिळणे किती अवघड असते हे आपण जाणताच.

विषय आहे सर्जचा. वीजपुरवठ्यात क्षणभर उसळणारा उच्च दाब (व्होल्टेज) आणि त्यापासून यंत्रसामग्रीचा बचाव. माझे म्हणणे एवढेच आहे की हा बचाव विकत आणून पॅनेलमध्ये बसवता येतो, ही समजूत आपण सोडून द्यावी. एसपीडी, म्हणजे सर्ज प्रोटेक्टिव्ह डिव्हाइस, विकत मिळते. ते वाचवणार की नाही हे मात्र ते कुठे बसवले, किती लांबीच्या वायरने जोडले आणि अर्थिंगची बांधणी कशी केली यावर ठरते. खरेदीच्या यादीत उपकरण दिसते, या बाकीच्या गोष्टी दिसत नाहीत. म्हणून त्या राहून जातात.

कार्ड जळाले की अहवालात कारणाच्या रकान्यात 'व्होल्टेज फ्लक्चुएशन' असे लिहून मोकळे होण्याची पद्धत आहे. या दोन शब्दांखाली निदान तीन-चार वेगवेगळे बिघाड एकत्र कोंबले जातात आणि मग प्रत्येकावर चुकीचा उपाय होतो. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. सर्ज टिकतो काही मायक्रोसेकंद ते काहीशे मायक्रोसेकंद. ५० मायक्रोसेकंदांचा सर्ज म्हणजे एका आवर्तनाचा चारशेवा भाग. एमसीबीचे, म्हणजे प्रवाह जास्त झाला की तुटणाऱ्या स्विचचे, संपर्क उघडायलाच काही मिलिसेकंद लागतात, आणि सर्व्हो स्टॅबिलायझरची मोटर फिरून दाब सावरेपर्यंत कितीतरी आवर्तने निघून जातात. सर्ज येऊन, आपले काम करून गेलेला असतो आणि यांपैकी कोणाला त्याचा पत्ताही नसतो. तेव्हा 'आमच्याकडे स्टॅबिलायझर आहे' हे सर्जच्या प्रश्नाचे उत्तर होत नाही. यूपीएसही पुरेसा नाही, कारण त्याच्या स्टॅटिक बायपासची वाट थेट पुरवठ्याला जोडलेली असते, आणि यूपीएसमध्ये स्वतःचे नाजूक इलेक्ट्रॉनिक्स असतेच. त्याच्या इनपुटवर, बायपासवरही, एसपीडी हवे.

उलट बाजूनेही तीच गल्लत होते. तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रल तुटला की २३० व्होल्टच्या उपकरणांवर भाराच्या असमतोलानुसार थेट ४०० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो, आणि तो मायक्रोसेकंद नव्हे तर मिनिटेच्या मिनिटे राहतो. यासाठी एसपीडी बनवलेलेच नाही. असा दाब रोखायला गेले तर ते स्वतःच तापून निकामी होते. तिथे ओव्हरव्होल्टेज रिले हवा, न्यूट्रलच्या जोडणीची तपासणी हवी. न्यूट्रल सुटल्यावर एसपीडी जळाले म्हणून 'एसपीडीचा काही उपयोग नसतो' असा निष्कर्ष काढून ते पुढच्या पॅनेलमधून वगळलेले मी पाहिले आहे. चुकीच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे मागितले गेले होते.

सर्ज म्हटले की डोळ्यांसमोर आकाशातली वीज येते, आणि तिचा धोका खराच आहे. आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोग) ६२३०५ या मानकात संरक्षणाच्या सर्वात वरच्या पातळीसाठी २०० किलोअँपिअरचा झटका धरतात. त्यातला निम्मा प्रवाह इमारतीच्या अर्थिंगमधून जमिनीत जाईल आणि उरलेला निम्मा बाहेर जाणाऱ्या तारांमधून वाट शोधेल असे गृहीत धरले जाते. तीन फेज आणि न्यूट्रल अशा चार तारा असतील तर प्रत्येकीवर २५ किलोअँपिअर. ज्या इमारतीवर आकाशातली वीज जमिनीत नेणारा वीजवाहक बसवलेला आहे तिथे मुख्य पॅनेलवर टाइप १ चे एसपीडी लागते ते या हिशेबाने. त्याची चाचणी १०/३५० मायक्रोसेकंदांच्या तरंगाने होते, म्हणजे १० मायक्रोसेकंदांत शिखर गाठणारा आणि ३५० व्या मायक्रोसेकंदाला निम्म्यावर येणारा प्रवाह. टाइप २ ची चाचणी ८/२० च्या तरंगाने होते. दोन्हींचे शिखर सारखे असले तरी पहिल्यात विद्युतभार वीस पटींहून अधिक असतो. म्हणून टाइप २ वर ४० किलोअँपिअर छापले आहे आणि टाइप १ वर २५, तेव्हा ४० वाले भारी, असा हिशेब तुलनात्मक तक्त्यात मांडला जातो तेव्हा तो मुळातच चुकलेला असतो.

पण वीज वर्षातले काही महिने कडाडते. कारखान्यातले काँटॅक्टर, म्हणजे कॉइलने चालणारे मोठे स्विच, दिवसरात्र, पाळीमागून पाळी, उघडझाप करत असतात. बारीकसारीक ट्रान्झियंट, म्हणजे दाबाच्या क्षणिक उसळ्या, मोजायला बसले तर त्यांचा मोठा वाटा आपल्याच छपराखाली जन्मलेला निघतो, आणि 'वीज कंपनीचा पुरवठा खराब' या वाक्याने त्याच्याकडे कायम दुर्लक्ष होते.

काँटॅक्टरचेच घ्या. वाहत्या पाण्याचा नळ एकदम बंद केला की पाइप दणका देतो, तसेच कॉइलमधला प्रवाह एकाएकी तोडला की तिच्यात साठलेली ऊर्जा उच्च दाबाच्या रूपात बाहेर पडते. २३० व्होल्टच्या कॉइलवर तो दाब काही हजार व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. २४ व्होल्टच्या डीसी कॉइलवरही काहीशे व्होल्ट सहज दिसतात. ऊर्जा थोडी असते, पण ती उसळते कुठे, तर पीएलसीच्या आउटपुटच्या ट्रान्झिस्टरपाशी, एकाच ट्रंकिंगमधून शेजारून गेलेल्या सेन्सरच्या वायरींवर. कार्ड लगेच जळत नाही. कधी इनपुट उगाच पेटतो, कधी कम्युनिकेशन तुटते, कधी पीएलसी फॉल्टमध्ये जातो आणि रीसेट केल्यावर सुरळीत चालतो. प्रोग्रॅममध्ये दोष शोधण्यात आठवडे जातात. उपाय बोटाएवढा आहे. उसळी जिरवणारा छोटा सप्रेसर, म्हणजे एसी कॉइलवर आरसी स्नबर किंवा व्हॅरिस्टर, डीसी कॉइलवर डायोड. एक सांगायला हवे, साधा डायोड लावला की काँटॅक्टर सुटायला थोडा उशीर होतो. क्रेनचा ब्रेक किंवा सुरक्षा परिपथ असेल तिथे हा उशीर चालणार नाही, तिथे व्हॅरिस्टर किंवा झेनरचा सप्रेसर वापरावा. बहुतेक काँटॅक्टरांसाठी हे सप्रेसर वरून खटकन बसणाऱ्या जोडणीच्या रूपात मिळतात. ऑर्डरमध्ये ती ओळ लिहिलेली नसते, एवढेच.

दुसरे घर कॅपॅसिटर बँकेचे. रिकामा कॅपॅसिटर पुरवठ्याला जोडला की त्या क्षणी दाब खाली ओढला जातो आणि मग उसळी मारून वर जातो, काहीशे ते हजारभर हर्ट्झच्या लहरींनी डुलत डुलत शांत होतो. सैद्धांतिक कमाल नेहमीच्या शिखराच्या दुप्पट. प्रत्यक्षात भारामुळे ती कमी राहते. परंतु ड्राइव्हला तेवढेही जड जाते. ४०० व्होल्टच्या पुरवठ्यावर ड्राइव्हची डीसी बस (आतला एकदिश दाबाचा टप्पा) साधारण ५६५ व्होल्टवर असते आणि ८०० च्या आसपास तो ओव्हरव्होल्टेजने ट्रिप होतो. बाहेरच्या उपकेंद्रात मोठी कॅपॅसिटर बँक रोज ठरावीक वेळी जोडली जात असेल आणि आपल्याकडेही पॉवर फॅक्टरसाठी कॅपॅसिटर असतील, तर योग जुळल्यास ही उसळी आपल्या बसबारवर (पॅनेलमधल्या मुख्य वीजपट्टीवर) आणखी मोठी होऊन येते. एखादा ड्राइव्ह रोज सकाळी साधारण त्याच वेळी ट्रिप होत असेल तर मोटर बदलण्याआधी हा संशय घ्यावा. इथे एसपीडीचा फारसा उपयोग नाही, कारण उसळी त्याच्या पकडीच्या पातळीच्या जेमतेम आसपास असते. ड्राइव्हच्या तोंडाशी ३ टक्क्यांचा लाइन रिॲक्टर, कॅपॅसिटरना डीट्यून्ड रिॲक्टर, शक्य असेल तिथे थायरिस्टरने योग्य क्षण साधून होणारे स्विचिंग, हे त्यावरचे इलाज.

ड्राइव्हच्या पलीकडच्या बाजूला आणखी एक प्रकार चालतो. ड्राइव्हमधले आयजीबीटी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, इतक्या झपाट्याने उघडझाप करतात की लांब केबलच्या टोकाशी, मोटरच्या टर्मिनलवर, प्रत्येक स्पंद परावर्तित होऊन डीसी बसच्या जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे ४०० व्होल्टच्या मोटरवर हजाराहून अधिक व्होल्टची शिखरे, सेकंदाला हजारो वेळा. वाइंडिंगचे पहिले काही वेढे त्याने झिजतात. केबल लांब असेल तर दाबाच्या चढाचा वेग कमी करणारा डीव्ही-डीटी फिल्टर किंवा साइन फिल्टर, आणि इन्व्हर्टरसाठी बनवलेली मोटर, हे खरेदीच्या वेळीच ठरायला हवे. मध्यम दाबाच्या व्हॅक्यूम सर्किट ब्रेकरने मोठ्या मोटरचा किंवा कोरड्या ट्रान्सफॉर्मरचा प्रवाह तोडतानाही असेच तीव्र चढाचे ट्रान्झियंट येतात. तिथे सर्ज अरेस्टरच्या जोडीला आरसी स्नबर द्यावा लागतो.

हे सगळे खर्च वाढवण्याचे बहाणे आहेत असे आपल्याला वाटू शकते. सर्ज दिसत नाही, तेव्हा न जळलेल्या कार्डाचा पुरावा कसा देणार? म्हणून एक जुना दाखला देतो. अमेरिकेत मार्टझ्लॉफ आणि हान या अभियंत्यांनी घरगुती आणि औद्योगिक वीजजोडण्यांमधल्या सर्जवर १९७० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. विजेवर चालणाऱ्या घड्याळांच्या छोट्या मोटरी निकामी होत होत्या. त्यांची दाब सोसण्याची ताकद २,००० व्होल्टवरून ६,००० व्होल्टवर नेली आणि बिघाडाचे प्रमाण पूर्वीच्या शंभराव्या भागावर आले. भिंतीतल्या साध्या सॉकेटवर २,००० व्होल्ट ओलांडणारे झटके नेहमीच येत होते आणि ६,००० ओलांडणारे क्वचित. कोणी मोजत नव्हते, पण घड्याळे मोजत होती. आज आपल्या यंत्रांवर त्या घड्याळांपेक्षा कितीतरी नाजूक सर्किटे बसली आहेत.

सोसण्याच्या या ताकदीची मानकातही प्रतवारी आहे. २३०/४०० व्होल्टच्या पुरवठ्यासाठी आयईसी ६०६६४-१ चार वर्ग सांगते. पुरवठा जिथे इमारतीत शिरतो तिथल्या उपकरणांनी ६ किलोव्होल्टचा झटका सोसावा, वितरण पॅनेलमधल्यांनी ४, प्लगवर चालणाऱ्या सामान्य उपकरणांनी २.५ आणि खास जपलेल्या नाजूक उपकरणांनी १.५. एसपीडीच्या लेबलवर यूपी म्हणून जो आकडा असतो, म्हणजे झटका आल्यावर त्याच्या टोकांमध्ये किती दाब शिल्लक राहतो, तो या आकड्यांशी ताडून पाहायचा असतो. निविदेत मात्र यूपी सहसा विचारलाच जात नाही. विचारले जातात किलोअँपिअर. किलोअँपिअर सांगतात की एसपीडी स्वतः किती सोसेल. मागचे यंत्र वाचेल की नाही ते यूपी सांगतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. यूपीचा आकडा खरा ठरतो तो एसपीडीच्या टर्मिनलवर. यंत्राला मिळणारा दाब म्हणजे यूपी अधिक जोडणाऱ्या वायरींवर पडणारा दाब. सरळ वायरीचे इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध, दर मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री धरतात. नेहमीच्या ५० हर्ट्झच्या प्रवाहाला ते नगण्य आहे. पण १० किलोअँपिअरचा ८/२० झटका ८ मायक्रोसेकंदांत शिखराला पोचतो, म्हणजे प्रवाह दर मायक्रोसेकंदाला हजार अँपिअरहून अधिक वेगाने चढतो. गुणाकार करून पाहावा. एक मीटर वायरीवर हजार व्होल्टहून अधिक. १.५ किलोव्होल्ट यूपी असलेले उत्तम एसपीडी बसबारपासून पाऊण मीटर आणि तिथून अर्थ बारपर्यंत पुन्हा पाऊण मीटर वायरीने जोडले, तर यंत्रासमोर येणारा दाब ३ किलोव्होल्टहून अधिक होतो. २.५ सोसणारे उपकरण त्यात टिकेल अशी खात्री कोण देणार? एसपीडीवर ते ठीक असल्याची खूण, हिरवा झेंडा, दिसत राहील, त्याने आपले काम चोख केलेले असेल, आणि तरीही कार्ड जाईल.

म्हणूनच आयईसी ६०३६४ सांगते की एसपीडीच्या दोन्ही बाजूंच्या जोडणीची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत असावी. जाड वायर घातली म्हणून हे टळत नाही, जाडीने इंडक्टन्स फार थोडे कमी होते. लांबीच कमी करावी लागते. जमत नसेल तर येणारी वायर आधी एसपीडीच्या टर्मिनलवर आणायची आणि तिथूनच पुढे न्यायची, व्ही अक्षराच्या आकारात, म्हणजे मधला लोंबता तुकडा उरतच नाही. हेही जमत नसेल तर एसपीडीशेजारीच एक छोटा अर्थ बार बसवायचा, आणि जपायच्या यंत्राची अर्थ वायर त्याच बारवर आणायची.

प्रत्यक्षात काय होते? पॅनेलचा आराखडा आधी ब्रेकर, ड्राइव्ह आणि पीएलसीसाठी भरला जातो. एसपीडी उरलेल्या जागेत, बहुधा खालच्या कोपऱ्यात किंवा दाराजवळ. पुरवठा आत घेणारा इनकमर वरच्या बाजूला, अर्थ बार दुसऱ्या बाजूला. मधे दीड-दोन मीटर वायर, नीटनेटकी, काटकोनात वळवलेली, टायने बांधलेली. कधी उरलेली वायर गुंडाळी करून मागे खोचलेली. पाहणीला येणारे अधिकारी त्या नीटनेटकेपणाचे कौतुक करतात. पॅनेल बनवणाऱ्या कारागिराचा यात दोष नाही, त्याला कोणी लांबी सांगितलेलीच नसते. ड्रॉइंगमध्ये एसपीडीच्या चिन्हाशेजारी एक ओळ लिहायची असते, 'जोडणीची एकूण लांबी ०.५ मीटरपेक्षा जास्त नको'. ती लिहिणे ज्यांच्या हातात आहे त्यांना हे पत्र आहे. त्याच ओळीच्या खाली अशीही सूचना हवी की एसपीडीच्या आधीची केबल आणि नंतरची केबल एकाच ट्रंकिंगमधून नेऊ नये. नाहीतर पुढच्या दाराने अडवलेला सर्ज शेजारच्या वायरीवर प्रवर्तनाने पुन्हा आत येतो.

मुख्य पॅनेलवर एक एसपीडी बसवले की साऱ्या शेडचे रक्षण झाले, असेही नाही. यंत्र एसपीडीपासून १० मीटरहून लांब असेल तर मधल्या केबलमध्ये दाब हेलकावतो आणि यंत्रापाशी तो यूपीच्या दुपटीपर्यंत पोचू शकतो. म्हणून मुख्य पॅनेलवर टाइप १, वितरण पॅनेलवर टाइप २ आणि नाजूक यंत्राजवळ टाइप ३ अशी साखळी. ती शक्यतो एकाच उत्पादकाच्या, परस्परांशी जुळवलेल्या मालिकेतून घ्यावी. वेगवेगळ्या बनावटीची उपकरणे एकापाठोपाठ लावली तर पुढचे छोटे आधी पेटते आणि मागचे मोठे झोपून राहते, असेही होऊ शकते.

अर्थिंगबद्दल बोलताना मला जरा जोर द्यावासा वाटतो, कारण इथली समजूत सर्वात घट्ट आहे. इलेक्ट्रॉनिक यंत्राला 'स्वच्छ' अर्थ हवा म्हणून त्याच्यासाठी वेगळा खड्डा, इमारतीच्या बाकी अर्थिंगशी न जोडलेला. कित्येकदा यंत्राचा पुरवठादारच तशी अट घालतो आणि खड्ड्याचा रोध १ ओहमच्या आत हवा म्हणतो. हिशेब असा आहे की १ ओहमच्या उत्तम अर्थिंगमधून १० किलोअँपिअर गेले तरी त्या अर्थिंगचा दाब १० किलोव्होल्टने वर उचलला जातो. इमारतीचा अर्थ वर गेला, यंत्राचा वेगळा अर्थ जागच्या जागी राहिला, आणि या दोघांमधला १० किलोव्होल्टचा फरक यंत्राच्या आतल्या इन्सुलेशनवर आला. यंत्र वाचवण्यासाठी खणलेला खड्डाच त्याला मारतो. सगळे अर्थ एकत्र जोडलेले असतील तर सगळे एकत्र वर जातात, एकत्र खाली येतात, आणि यंत्राला मधे फरक जाणवत नाही. ओहम कमी असणे चांगलेच, विद्युत सुरक्षेसाठी ते लागतेही, पण सर्जच्या बाबतीत सगळे एकमेकांना आखूड, रुंद पट्ट्यांनी बांधलेले असणे अधिक मोलाचे आहे. इमारतीचे लोखंड, केबल ट्रे, पाइप, पॅनेलची चौकट, पॅनेलचे दार, सगळे. पुरवठादाराने वेगळ्या खड्ड्याची अट घातली तर त्याच्याकडून लेखी कारण मागावे आणि तो खड्डा मुख्य अर्थ बारला जोडण्याचा आग्रह धरावा.

सिग्नलच्या तारा या चर्चेतून नेहमी सुटतात. मोजमाप प्रवाहाच्या रूपात पाठवणारे ४–२० मिलिअँपिअरचे ट्रान्समीटर टाकीवर, उघड्यावर बसलेले असतात, त्यांची केबल शंभर-दोनशे मीटर फिरून कंट्रोल रूममध्ये येते. यंत्रांमधल्या संदेशांची, आरएस-४८५ ची, तार एका इमारतीतून दुसरीत जाते. वीज दूर कुठे पडली तरी या लांब वेढ्यांमध्ये दाब प्रवर्तित होतो, आणि दोन इमारतींच्या अर्थमधला फरक याच तारांतून वाट काढतो. पॉवरच्या बाजूला तीन टप्प्यांत एसपीडी लावलेले पॅनेल मागच्या दाराने, कम्युनिकेशन पोर्टमधून जळते. कोणते टोक जळाले हे नीट पाहिले तर सर्ज कुठून आला ते बहुधा कळते. पॉवर सप्लाय शाबूत आणि पोर्टची चिप फुटलेली, म्हणजे तो सिग्नलच्या वाटेने आला. अशा तारांसाठी आयईसी ६१६४३-२१ प्रमाणे बनवलेली वेगळी एसपीडी असतात, आणि ती केबलच्या दोन्ही टोकांना लागतात. दोन इमारतींमध्ये नवी केबल टाकायची असेल तर मात्र सरळ ऑप्टिकल फायबर टाकावी, धातूचे कवच नसलेली. काचेतून सर्ज जात नाही, मग त्या वाटेचा प्रश्नच उरत नाही.

एसपीडी हे झिजणारे उपकरण आहे, हे खरेदीच्या कागदावर कुठेच लिहिलेले नसते. आत असतो मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर, म्हणजे झिंक ऑक्साइडच्या कणांची भाजलेली चकती. जपानमधल्या मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी या पदार्थाच्या गुणधर्मावर १९७१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला आणि सर्ज संरक्षणाचे तंत्रच बदलून गेले. कणांच्या प्रत्येक सीमेवर साधारण ३ व्होल्टपर्यंत प्रवाह अडतो, त्यापुढे ती सीमा वाट मोकळी करते. अशा शेकडो सीमा एकावर एक आल्या की हवी ती पातळी मिळते. मोठ्या झटक्यांनी यांतल्या काही सीमा खचतात, गळती वाढते, चकती गरम राहू लागते, आणि शेवटी आतला थर्मल डिस्कनेक्टर तिला परिपथातून सोडवतो. हिरव्या झेंड्याच्या जागी लाल येतो. यंत्र चालूच राहते, फक्त आता उघडे पडलेले असते. बंद पॅनेलच्या आतला लाल झेंडा कोण पाहणार? त्यासाठी एसपीडीवर रिमोट संपर्क दिलेला असतो, तो पीएलसीच्या एखाद्या इनपुटला जोडून अलार्म दाखवता येतो. हा संपर्क असलेले मॉडेल घेतले जाते आणि त्या तीन टर्मिनलांना वायर मात्र कोणी लावत नाही.

देखभालीत हा बचाव नकळत निघून जाण्याचे आणखी एक ठिकाण आहे. इन्सुलेशनची चाचणी मेगरने ५०० व्होल्टवर करताना एसपीडी जोडलेले असेल तर ते वाहू लागते आणि केबल खराब असल्यासारखे वाचन येते. म्हणून चाचणीआधी त्याची प्लगसारखी कार्ट्रिज काढून ठेवतात. कामाच्या घाईत ती परत बसवायची राहते. एसपीडीच्या आधीचा बॅकअप फ्यूज उडालेला असला तरी तोच प्रकार. शटडाउननंतरच्या तपासणी यादीत 'एसपीडीच्या कार्ट्रिज जागेवर, फ्यूज शाबूत' अशी ओळ नसेल तर ती आजच घालावी.

आता आपल्याकडून काय हवे ते स्पष्ट मागतो.

खरेदी विभागाने एसपीडीच्या चौकशीत किलोअँपिअरबरोबर टाइप, यूपी आणि कमाल अखंड दाब, म्हणजे एसपीडी सतत सोसू शकेल असा दाब, लिहून मागावा. हा शेवटचा आकडा अर्थिंगच्या पद्धतीनुसार बदलतो. अर्थपासून अलग ठेवलेल्या पुरवठ्यात एका फेजचा अर्थ फॉल्ट झाला की उरलेल्या फेज अर्थच्या तुलनेत १.७३ पट वर जातात, आणि नेहमीच्या पुरवठ्याचे एसपीडी तिथे लावले तर ते त्या दिवशीच जाते. बसवण्याच्या जागी शॉर्ट सर्किटचा प्रवाह किती येऊ शकतो आणि एसपीडी आपल्या फ्यूजसह तेवढा सोसते का, हेही उत्तरात हवे. आयईसी ६१६४३-११ प्रमाणे चाचणी झाल्याचे प्रमाणपत्र मागावे, नुसते लेबल नको.

प्रकल्पप्रमुखांनी पॅनेलची मांडणी मंजूर करताना एसपीडीची जागा आधी निश्चित करावी, बाकीची उपकरणे त्यानंतर. पॅनेल बनवणाऱ्याच्या कारखान्यात तपासणीला देखभाल विभागातला एक माणूस मोजपट्टी घेऊन जावा. जोडणी अर्ध्या मीटरहून लांब निघाली तर तिथल्या तिथे बदलून घ्यायचा अधिकार त्याला लेखी द्यावा. तिथे हे काम तासाभराचे असते.

मालकांनी जुन्या पॅनेलांसाठी वेळ द्यावा. पुढच्या नियोजित शटडाउनमध्ये मुख्य पॅनेल आणि ज्या यंत्रांची कार्डे पुन्हा पुन्हा जातात त्यांची पॅनेले एवढ्यांपासून सुरुवात पुरे. एसपीडीच्या वायरी आखूड करणे, शेजारी अर्थ बार बसवणे, वेगळे पडलेले अर्थ खड्डे जोडून घेणे, कॉइलांवर सप्रेसर लावणे, रिमोट संपर्काला वायर देणे. यात नवे महागडे उपकरण जवळजवळ काहीच नाही, लागतो तो वेळ आणि परवानगी. आणि जळालेले कार्ड भंगारात टाकण्याआधी आमच्याकडे चार दिवस राहू द्यावे. तारीख, वेळ, त्या वेळचे हवामान, त्या क्षणी कारखान्यात कोणते मोठे स्विचिंग झाले आणि कार्डाचा नेमका कोणता भाग फुटला, एवढी नोंद सहा महिने नेमाने ठेवली तर सर्ज कुठल्या वाटेने येतो आहे हे बहुतेक कारखान्यांत कागदावर दिसू लागेल, आणि पुढची मागणी आम्ही त्या नोंदीसह आपल्यासमोर ठेवू.

आपला नम्र,
एक विद्युत देखभाल अभियंता